बाबाजीची चढाई

खोलीला कुलूप घातलं की बाबाजी त्या कुलपालाच सांगायचा, "येतो."

आता कुलूप काय बोलणार, डोंबल? पण सवयीला औषध नाही. आई होती तोवर आतून तिचा आवाज यायचा, "ये रे, जपून ये." अळणावरजवळच्या खेड्यातून तिला दवाखान्यासाठी धारवाडला आणलं, तेव्हा केलगेरीत ही खोली घेतली होती. गावाकडं जाणारा रस्ता दारातून दिसतो म्हणून म्हातारीला बरं वाटायचं. गेल्या दिवाळीच्या तोंडावर ती गेली आणि खोली तेवढी राहिली. टीमनं हुबळीत गोकुळ रोडवर पोरांना राहायला जागा दिली होती. सगळी तिथंच राहायची, एकत्र जेवायची, एकमेकांच्या चपला चोरायची. बाबाजीला विचारलं की म्हणायचा, "न्हाई बा, माझी सोय हाय तिकडं." कसली सोय! एक कॉट, एक स्टोव्ह आणि भिंतीवर आईचा फोटो.

टीम म्हणजे 'हुबळी गवे'. खेळ अमेरिकन फुटबॉल. नाव फुटबॉल आणि चेंडू हातात, तोही दोन्हीकडून चेपल्यासारखा लांबट. हुबळीच्या एका हौशी कारखानदारानं ही टीम काढली, तेव्हा असला खेळ खेळणारं पोरगं आणायचं कुठून, हा प्रश्न पडला. मग कुणीतरी म्हणालं, कबड्डीवाले उचला की! अंगावर सात गडी घेऊन माघारी येणारी पोरं अळणावर भागात पैशाला पासरी. त्या पासरीत बाबाजी पहिला. जत्रेतल्या सामन्यात त्याची चढाई बघायला लोक जेवण टाकून यायचे.

टीममध्ये त्याची जागा रनिंग बॅकची. काम ऐकायला सोपं. मधे अनिकेत उभा असतो, तो चेंडू पोटाशी देतो. तो काखेत घट्ट दाबायचा आणि समोरच्यांच्या गर्दीतून जमेल तेवढं पुढं जायचं. आपलेच आडदांड गडी पुढं भिंतीसारखे असतात. ते रेटारेटी करून फट पाडतात, त्या फटीतून घुसायचं. पलीकडची रेषा ओलांडली की मोठे गुण. चेंडू हातात असताना माघारी यायचं नाही. एवढाच काय तो कबड्डीत आणि यात फरक, पण तिथंच घोडं पेंड खात होतं.

गेल्या वर्षी ही जागा बाबाजीचीच होती. यंदा प्रभंजन आला. हुबळीच्या बाजारात त्याच्या घरच्यांचं कापडाचं दुकान, मूळचे मिरजेकडचे. पोरगं कॉलेजातून नुकतंच बाहेर पडलेलं, पायात वारं आणि तोंडात सतत बडबड. जयतीर्थ सरांनी, म्हणजे कोचनी, सोमवारी सगळ्यांना उभं करून सांगितलं की शनिवारी आपसात मॅच घेणार. त्यात जो चांगला पळेल तो यंदाचा रनिंग बॅक. दुसऱ्याला ठेवायला मालक तयार नाहीत.

"दुसऱ्यानं काय करायचं मग, सर?" प्रभंजननं विचारलं.

"दुसऱ्यानं घरी जायचं," सर म्हणाले आणि खाली बघून शिट्टी पुसायला लागले.

घरी! प्रभंजनचं घर भरलेलं होतं, आज्जी-काका-काकू सगळी. बाबाजीचं घर म्हणजे गावाकडं एक कुलूप आणि केलगेरीत दुसरं. गावच्या कबड्डीच्या टीममध्ये आता कालची शेंबडी पोरं चढाया करत होती, तिथंही कुणी त्याची वाट बघत नव्हतं. लग्नाचं दोनदा जमत आलं होतं, पण "खेळतो म्हणजे करतो काय?" या प्रश्नावर येऊन मोडलं. या मैदानावर निदान कुणीतरी रोज "बाबाजी, इकडं ये," म्हणून हाक मारत होतं. ती जागा गेली तर आपल्याला हाक मारणारं माणूस कुठं उरणार?

सरावात त्याचं काहीतरी बिनसायचं, ते कुणालाच उमगत नव्हतं. सुरुवात बघावी तर तुफान! पण ठराविक अंतर गेला की गडी फुस्स. कुणी नीट धरलेलंसुद्धा नसायचं, तरी गुडघ्यावर यायचा.

"एनप्पा इदू?" हे काय बाबा, म्हणून सर कपाळाला हात लावायचे. "यावागलू, सदानकदा तिथंच कसा पडतोस तू? तिथं काय तुझी सासुरवाडी हाय?"

दुसरं गाऱ्हाणं गुरुप्रसादचं. भिंतीतला सगळ्यात आडमाप गडी हा. म्हशीला धडक दिली तर म्हैस आजारी पडेल. तो हेल्मेट काढून ओरडायचा, "मी ह्याच्यासाठी दोन-दोन गडी अंगावर घेऊन फट करायलोय, आणि हा शहाणा भलतीकडनं एकटाच जायलाय! आम्ही काय हितं शोभेला उभं हाय काय?"

बाबाजी चेंडू उचलून जागेवर ठेवायला जायचा. काय सांगणार? चढाईला माणूस एकटाच जातो. पुढं कुणी वाट करायला नसतं, मागं कुणी ढकलायला नसतं. लहानपणापासून अंगात भिनलेलं, ते वर्षा-दोन वर्षांत कसं निघणार? पुढं आपलाच माणूस दिसला की त्याला अडथळाच वाटायचा.

बुधवारी सराव संपल्यावर पोरं गिरमिट आणि मिरची भजी खायला निघाली. बाबाजी नेहमीप्रमाणं बाजूला बसून बुटाची नाडी सोडत होता. प्रभंजन माघारी फिरून त्याच्याजवळ आला.

"अण्णा, एक सांगू? राग येणार न्हाई न्हवं?"

"सांग की."

"तू पळताना दम लावायलास."

"म्हणजे?"

"कबड्डी कबड्डी म्हणायलास, अण्णा! हेल्मेटच्या आत, तोंडातल्या तोंडात. मी आज अगदी शेजारून पळत होतो, ऐकलं मी. श्वासच घेत न्हाईस तू. दम संपला की पडतोस. अरे, हितं कुठला पंच कान देऊन बसलाय? घे की श्वास भरपूर!"

बाबाजीच्या मस्तकात तिडीक गेली. "माझी जागा घ्यायला आलास, आणि वर मलाच शिकवायलास व्हय रे?" तो म्हणाला. "जा, भजी गार होतील तुझी."

पोरगं गोरंमोरं झालं. मान खाली घालून बाकीच्यांच्या मागं गेलं.

हुबळी-धारवाडच्या चिगरी बसमध्ये खिडकीशी बसून बाबाजी धारवाडपर्यंत धुमसत होता. बेणं लबाड आहे, शनिवारच्या आत आपल्याला गोंधळवून टाकायचा डाव आहे, असं त्यानं स्वतःला वाटेतलं नवलूर येईपर्यंत चांगलं पटवून दिलं. पण केलगेरीच्या तळ्याशी उतरला तेव्हा ऊन अजून कलायचं होतं आणि बांध मोकळा होता. बघूया तरी, म्हणून पिशवी काखेत दाबून तो पळाला. आणि पळता पळता स्वतःकडं कान दिला तर काय! ओठ हलत होते. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. छाती गच्च बंद. दम संपला आणि पाय आपोआप थांबले.

"आयला," तो मोठ्यानं म्हणाला. कपडे पिळणाऱ्या दोन बायकांनी वळून बघितलं.

मग त्यानं तोंड उघडं ठेवून पळून बघितलं. लाज वाटत होती, चोरी केल्यासारखं वाटत होतं, कारण चढाईत श्वास घेणं म्हणजे लबाडी. पण श्वास आत जात होता, बाहेर येत होता, आणि पाय थांबतच नव्हते! बांधाच्या टोकापर्यंत गेला, तिथून परत आला, तरी पाय म्हणत होते आणखी चल. पोरगं खरं बोललं होतं. आपल्या पायावर धोंडा मारून घेऊन खरं बोललं होतं, आणि आपण त्याला भजी गार होतील म्हणालो. उद्या भेटला की बरं बोलायचं, असं बाबाजीनं ठरवलं. पण गुरुवारी तोंड उघडलं नाही, आणि शुक्रवारीही नाही. मनात असलेलं बोलायला एक सराव लागतो, तोही त्याचा सुटला होता.

शनिवारी मैदानाच्या कडेला मालक आणि त्यांचे चार पाहुणे खुर्च्या टाकून बसले. आधी प्रभंजनची पाळी. पोरगं चांगलं पळालं, भिंतीच्या मागं मागं, सांगितलं तसं. रेषेपर्यंत एकदाही गेलं नाही, पण दर वेळेला थोडं थोडं पुढं नेत राहिलं. सरांनी मान डोलावली.

मग बाबाजी. अनिकेतनं चेंडू पोटाशी दिला आणि बाबाजीनं आयुष्यात पहिल्यांदा गुरुप्रसादच्या पाठीकडं बघितलं. ती पाठ डावीकडं वळली, तसा तोही वळला. धाड! समोरचे दोन गडी भुईसपाट आणि मधे दरवाजाएवढी फट. त्यातून बाबाजी सुटला. तोंड उघडं, श्वास चालू. नेहमी जिथं पडायचा ती जागा मागं गेली. एक जण आडवा आला, त्याला त्यानं हातानं ढकलून बाजूला काढलं. आता पुढं कुणीच उरलं नव्हतं.

खरंच कुणीच नव्हतं. नुसतं मोकळं मैदान, पलीकडची पांढरी रेषा आणि तिच्यामागं बंद पडलेल्या कारखान्याची भिंत. आरडाओरडा सगळा मागं राहिला होता. हेल्मेटमध्ये स्वतःच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता. आणि त्या मोकळ्यात बाबाजीला भीती वाटली. सात गडी अंगावर आले तरी न वाटलेली भीती. आईला पोचवून खोलीत आल्यावर दार लावताना वाटलं होतं, अगदी तसं वाटलं. आपली माणसं कुठं आहेत? इतक्या लांब आपण एकटे कशाला आलो? गडी शिवला, काम झालं, आता घरी.

आणि तो वळला.

वळला, आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून माघारी पळाला! समोरून त्याला धरायला येणारे गडी इतके चक्रावले की त्यांनी वाट सोडली. गुरुप्रसाद तोंडाचा आ करून बघत राहिला. बाबाजी सुरुवातीची रेषा ओलांडून, अनिकेतलाही मागं टाकून आपल्या बाजूला आला, वाकून जमिनीला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. कबड्डीच्या मैदानावर चढाई मारून आल्यावर लावतात तसा.

मग पाहुण्यांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि सगळं मैदान हसायला लागलं. पोरं गवतावर लोळली. मालकांनी रुमालानं डोळे पुसले. एकटा प्रभंजन हसला नाही. बाबाजीनं ते बघितलं आणि त्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सरांनी त्याला पाण्याच्या टाकीमागं बोलावलं. रागावतील असं वाटलं होतं, पण आवाज मऊ होता. "का फिरलास? फक्त चालत गेला असतास तरी रेषा आली असती."

आडवळणानं सांगायला बाबाजीला दुसरं काही सुचलं नाही. "पुढं कुणीच नव्हतं, सर," तो म्हणाला. "तुम्ही सगळी मागं होता."

सरांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली. मग म्हणाले, "रनिंग बॅक प्रभंजनच. ते मी बदलू शकत न्हाई. पण त्याच्या पुढं पळायला एक गडी हवा. चेंडू मिळणार न्हाई, टाळ्या मिळणार न्हाईत. जो अंगावर येईल त्याला आपण घ्यायचं आणि पोराला जाऊ द्यायचं. त्याला ठेवायला मालकांना मी तयार करतो. येतोस?"

चढाईचा राजा, आणि दुसऱ्याच्या वाटेवरचे काटे काढायचे! "बघतो," म्हणून बाबाजीनं पिशवी उचलली. फाटकापाशी प्रभंजन उभा होता. तोंडावरची सगळी बडबड उतरलेली.

"अण्णा, तू ऱ्हा की," तो म्हणाला. "मला भ्या वाटायलंय. घरात हे कुणाला सांगितलं न्हाई मी. तू पुढं असलास तर बरं वाटंल."

आता मात्र बाबाजीचं तोंड उघडलं. "श्वासाचं खरं सांगितलंस तू," तो म्हणाला. "मी उगं बोललो तुला." एवढंच बोलला आणि घाईनं बसकडं गेला. पण रात्री गावाकडं जायला पिशवी भरायला घेतली नाही, आणि सकाळी पुन्हा त्याच कुलपाला "येतो" म्हणून मैदानावर गेला.

पुढच्या रविवारी पहिली मॅच, मंगळूरच्या टीमशी. बाबाजीनं चार वेळा मार खाल्ला, पाच वेळा दिला. अंगावर एकही जागा धड राहिली नाही. सगळ्या टाळ्या प्रभंजनला. त्याचं वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोला. टाळी वाजली की बाबाजीची मान अजून वळायची आणि मग लक्षात यायचं की आपल्यासाठी नाही. शेवटी शेवटी गुण बरोबरीत आले. सगळे ओळीत वाकून उभे राहिले. बाबाजीनं वाकून जमिनीला हात लावला, कपाळाला लावला आणि जुन्या सवयीनं पुटपुटला, "येतो."

"ये, अण्णा," मागून प्रभंजन म्हणाला.

पोराला वाटलं आपल्यालाच म्हणाला. दिवाळीपासून त्या शब्दाला कुणी उत्तर दिलं नव्हतं.

चेंडू निघाला. बाबाजी समोरच्या सगळ्यात मोठ्या गड्यावर जाऊन आदळला आणि दोघंही धाडकन खाली आले. त्याच्या डोक्याशेजारून प्रभंजनचे बूट गेले. बाबाजीनं मान वर करून बघितलं. पोरगं फटीतून सुटलं होतं. शेवटचा गडी त्यानं चुकवला, आणि पुढं मोकळं मैदान. त्या मोकळ्यात पाठमोरं, एवढंसं, एकटं पोरगं.

बाबाजी उठला आणि त्याच्यामागं पळत सुटला.

तिथं त्याचं काहीएक काम नव्हतं. प्रभंजनला आता कुणी गाठणार नव्हतं. "येल्ली होंटी रे?" कडेवरून सर ओरडले, कुठं निघालास म्हणून. गुडघा ठणकत होता, छाती भात्यासारखी चालली होती, पण बाबाजी थांबला नाही. पुढं प्रभंजननं रेषा ओलांडली आणि तो थबकला. चेंडू छातीशी धरून गरकन वळला आणि इकडं तिकडं बघायला लागला. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते बाबाजीला लांबूनही ओळखू आलं. सगळी टाळ्या वाजवणारी माणसं मैदानाच्या त्या टोकाला होती आणि या टोकाला चिटपाखरू नव्हतं.

बाबाजी धापा टाकत रेषेपलीकडं आला आणि गुडघ्यावर हात टेकून वाकला. पोरानं त्याच्या खांद्याला गच्च धरलं.

"अण्णा! तू कशाला आलास एवढ्या लांब?"

"तुला येतो म्हटलं होतं न्हवं," बाबाजी म्हणाला.